सोशल मीडिया कशासाठी आणि ऑनलाइन मित्र कोणाला करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि दर बुधवारी संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांचा मोबाइलचा वर्ग घेते. दोन्हीकडे प्रश्न तेच असतात, फरक एवढाच की पोरं विचारत नाहीत आणि आजी-आजोबा तीन-तीनदा विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. क्रम काही नाही, ज्याला जे लागेल ते वाचा.

सगळंच बंद करून टाकलं तर? डोक्याला ताप नको.

करा की, कोण अडवतंय. पण माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी "कायमचं बंद" केलं ते आठ-पंधरा दिवसांत परत आले आणि आल्यावर आधीपेक्षा जास्त बसले. उपवास सोडताना होतं ना तसं.

आणि सगळं वाईट कुठंय त्यात? आमच्याकडं तासगाव, मिरजेच्या बाजूला द्राक्षवाले पहाटे पानाचा फोटो ग्रुपवर टाकतात, डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, आहे का बघा म्हणून, चहा होईपर्यंत चार जणांचं उत्तर येतं आणि फवारणीचा निर्णय होतो. वर्गातल्या एका मावशींना चाळीस वर्षांनी त्यांची नववीतली मैत्रीण फेसबुकवर सापडली, त्या दिवशी वर्ग झालाच नाही, सगळ्यांनी नुसतं रडून घेतलं. हे बंद करायचं? बंद करायचंय ते बिनकामाचं भटकणं, आणि बंद करायचीत ती दारं जी आपण न बघता उघडी टाकलीत.

"उद्देशाने वापरा" असं सगळे सांगतात. म्हणजे नक्की काय करायचं?

मंडईत जाताना पिशवी आणि यादी नेतो ना, तेवढंच. ॲप उघडण्याआधी मनात एक वाक्य म्हणायचं, "मी आत्ता भाचीच्या बारशाचे फोटो बघायला उघडतेय". फोटो बघून झाले की बाहेर. ऐकायला पोरकट वाटतं, पण करून बघा, दहातल्या सहा वेळा तुमच्याकडं वाक्यच नसेल, नुसता अंगठा तिकडं गेलेला असतो.

यात तुमची एकट्याची चूक नाही हेही सांगते. पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं, खाली "पुढील पान" दाबायला लागायचं, तेवढ्या एका क्षणात माणूस विचार करायचा की बास झालं आता. २००६ साली आझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोलिंग काढलं आणि तो क्षणच गेला. त्याला स्वतःलाच नंतर त्याचं वाईट वाटलं, तसं तो जाहीरपणे बोललाय. जेवणात वाढणारा थांबतच नाही आणि ताट कधी रिकामं दिसतच नाही अशी पंगत आहे ही, उठायचं आपल्यालाच लागतं.

माझंच सांगते. शाळेची एक नोटीस बघायला फोन उघडला आणि चाळीस मिनिटांनी मी एक माणूस चिखलाचा गालिचा धुतोय ते बघत होते. गालिचा आमच्या घरात नाही.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी: इन्स्टा, फेसबुक पहिल्या स्क्रीनवरून काढून फोल्डरमध्ये टाकलं. नोटिफिकेशन फक्त माणसांच्या मेसेजचं ठेवलं, "अमक्याने स्टोरी टाकली", "तमक्याचा वाढदिवस" हे सगळं बंद. आणि रात्री चार्जर स्वयंपाकघरात. शेवटचं सगळ्यात जास्त लागू पडलं खरं म्हणजे, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

दिवसाला किती वेळ बरोबर?

आकडा मागू नका, माझ्याकडं नाही. दोन तास लेकीशी अमेरिकेत व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि दोन तास रील्स, घड्याळात सारखंच दिसतं.

घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं तर मात्र जमतं. आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे असं गावानं ठरवलं, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. मला त्यातलं मुलांचं कौतुक नाही, मोठ्यांनी पण बंद करायचा हे महत्त्वाचं वाटतं. बाप रील बघत बसलाय आणि पोराला म्हणतोय अभ्यास कर, हे कुठल्या भोंग्यानं सुटणार?

मला सारखं भांडणाचं आणि रडारडीचंच का दिसतं?

कारण तुम्ही तिथं थांबता. तुम्हाला आवडतंय की संताप येतोय ते मशीनला कळत नाही, तुम्ही थांबलात एवढंच कळतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, इथं दावं तुमच्याच अंगठ्याचं आहे. नको ते दिसलं की कमेंट करून भांडू नका, "नॉट इंटरेस्टेड" दाबा. इन्स्टावर तर सुचवण्या पुसून पहिल्यापासून सुरू करायची सोय आहे आता, सेटिंगमध्ये कंटेंट प्रेफरन्सेस म्हणून सापडेल. पुसल्यावर पहिला आठवडा कोरडा जातो, धीर धरा.

फ्रेंडलिस्टमध्ये किती माणसं असावीत?

फेसबुक ५००० पर्यंत घेऊ देतं. रॉबिन डनबार नावाचे एक ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९२ च्या सुमारास मांडलं की माणसाला साधारण १५० लोकांशीच खरंखुरं नातं सांभाळता येतं. त्यावर वाद आहेत, पण मी वर्गात एक खेळ घेते, फ्रेंडलिस्ट उघडा आणि बोट फिरवून जिथं थांबेल ते नाव वाचा आणि हा माणूस तुम्हाला कुठं भेटला ते सांगा. एक निवृत्त साहेब होते, १४०० मित्र. पाच वेळा बोट फिरवलं, पाचही वेळा "कोण आहे हो हा?"

मी आकड्यापेक्षा घराचा हिशोब सांगते. जुन्या घरात ओटा असायचा, मग ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. पोस्टमन ओट्यावर, कामानिमित्त आलेला ओसरीवर, पाहुणे माजघरात, आणि चुलीपाशी फक्त घरचे. कुणाला कुठवर आणायचं हे कुणी शिकवायला लागायचं नाही. कुणाचा अपमानही व्हायचा नाही, ओसरीवर चहा मिळायचाच ना. मोबाइलवर आपण काय केलं, ओटाच काढून टाकला. रस्त्यावरून जाणारा थेट देवघरात, आणि वर आपणच त्याला सांगतोय की उद्यापासून आम्ही सहकुटुंब आठ दिवस केरळला चाललोय.

तर तेच वाटे परत पाडायचे. ओट्यासाठी पब्लिक पोस्ट, तिथं गणपतीचा फोटो, पाककृती, मतं काय मांडायचीत ती मांडा. ओसरीवर फ्रेंड्स. माजघर म्हणजे इन्स्टाचे क्लोज फ्रेंड्स किंवा घरच्यांचा छोटा व्हॉट्सॲप ग्रुप, नातवंडांचे फोटो तिथं. आणि चुलीपाशी काय, तर ते फोनवरच बोला, लिहूच नका.

अनोळखी माणसाची रिक्वेस्ट आली. घ्यायची का?

ओळख नाही पाळख नाही तर घाई कसली? दोन दिवस पडू दे तशीच.

"पण आठ म्युच्युअल फ्रेंड आहेत" हे मला रोज ऐकायला मिळतं. त्या आठ जणांना विचारा, तेही हेच म्हणतील की तुमच्याकडं बघून घेतला. एकाने न बघता घेतलं की बाकीचे सात त्याच्या भरवशावर घेतात, अशी ती साखळी.

काय बघायचं: अकाउंट कधीपासूनचं आहे. सगळे फोटो एकाच दिवशी टाकलेत का. फोटोखाली कमेंट करणारे लोक त्याला नावानं हाक मारतात का, "अरे बारक्या, कुठं गेलावतास" असं कुणी लिहिलंय का, का नुसतं "नाइस पिक" आणि गुलाबाची फुलं. खऱ्या माणसाची कुणीतरी टिंगल केलेली असतेच. फोटो संशयास्पद वाटला तर गूगल लेन्सवर टाकून बघा, कधी कधी तोच चेहरा चार नावांनी सापडतो. नाही सापडला म्हणून माणूस खरा असं मात्र नाही, आता कॉम्प्युटरवर नवा चेहरा तयार करता येतो.

आणि मेसेज करून सरळ विचारा, आपली ओळख कशी? आमच्या एका काकूंना एकजण म्हणाला मी पण सांगलीचाच. काकू म्हणाल्या अरे वा, मग आयर्विनवरून पाणी कधी बघितलंस शेवटचं? आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, त्याला वाटलं कुणी माणूस.

मैत्रिणीची रिक्वेस्ट आली, पण ती तर आधीच लिस्टमध्ये आहे.

मग ती ती नाही. तिचा फोटो आणि नाव उचलून कुणीतरी नवं अकाउंट काढलंय. दोन दिवसांत "अडचणीत आहे, वीस हजार पाठव" येईल, नाहीतर हल्लीचा दुसरा प्रकार म्हणजे "माझा मित्र सीआयएसएफमध्ये आहे, त्याची बदली झालीय, फर्निचर एकदम स्वस्तात काढतोय". फर्निचरचे फोटो छान असतात.

मैत्रिणीला फोन लावा. मेसेज नाही, फोन. आणि ते अकाउंट रिपोर्ट करा, तिथं "मित्र असल्याचं भासवतोय" असा पर्याय असतो. स्वतःचं असं होऊ नये म्हणून फेसबुकवर तुमची फ्रेंडलिस्ट "ओन्ली मी" करा, कारण चोराला तुमच्या नावापेक्षा तुमची यादी हवी असते, यादी दिसली नाही तर तो पैसे मागणार कोणाकडं?

लंडनचा एक डॉक्टर मित्र झालाय, गिफ्ट पाठवतोय म्हणतो.

गिफ्ट येणार नाही. दिल्ली एअरपोर्टवरून कस्टमवाल्या मॅडमचा फोन येईल, ड्यूटी भरा म्हणून. भरली की आणखी एक भरा. पार्सलमध्ये परदेशी नोटा सापडल्यात, केस होईल असं घाबरवतील. ब्लॉक करा आणि चहा घ्या.

म्हणजे ऑनलाइन कुणावर विश्वासच ठेवायचा नाही?

असं मी कुठं म्हटलं. माझी स्वतःची एक चांगली मैत्रीण पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर भेटली. वर्षभर आम्ही फक्त पक्ष्यांवर बोललो. तिनं माझा नंबर मागितला नाही, मी तिचा. मग एकदा मायणीच्या पक्षी अभयारण्यात बरेच जण जमले तिथं भेटलो, आता ती दिवाळीला फराळ पाठवते. चांगली ऑनलाइन मैत्री बहुतेकदा अशीच होते, मध्ये काहीतरी तिसरं असतं, पक्षी असो, गड असो, भरतकाम असो, एमपीएससीचा अभ्यास असो. ज्याला तुमच्यात लगेच, थेट, रात्री अकरानंतर फार रस वाटतो आणि तुमच्या विषयाबद्दल काहीच म्हणायचं नसतं, तिथं सावध व्हा.

माझी एक परीक्षा आहे. कुठल्याही छोट्या गोष्टीला एकदा "नाही" म्हणून बघायचं. आज बोलायला जमणार नाही. फोटो नाही पाठवत. व्हॉट्सॲप नंबर नको, इथंच बोलू. मित्र असेल तर बरं म्हणेल आणि विषय बदलेल. रुसवा, शपथा, "माझ्यावर विश्वास नाही का" हे सुरू झालं की उत्तर मिळालं तुम्हाला. पैशाचा विषय आला, मग तो शेअर मार्केटच्या टिप्सचा का असेना, ते नातं तिथंच संपलं असं धरून चाला.

पहिल्यांदा भेटायचं तर गर्दीच्या जागी, दिवसा, आपण आपल्या गाडीने, आणि घरी कुणाला तरी सांगून. तरुण पोरी हे करतात, पन्नाशीचे पुरुष करत नाहीत, त्यांना वाटतं आपल्याला काय होणार. शिकलेल्याला फसवता येत नाही हाही गैरसमज. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, अटक केली, आरोप असा की व्हॉट्सॲपवर ओळख झालेल्या बाईला, जी पाकिस्तानची हेर होती, त्यांनी गोपनीय माहिती दिली. आरोप खरा-खोटा कोर्ट ठरवेल. पण एकटेपणा डिग्री बघून येत नाही एवढं तरी समजून घ्या.

मामेसासऱ्यांची रिक्वेस्ट आहे. नाही म्हटलं तर लग्नात तोंड कसं दाखवू?

घ्या आणि ओसरीवर बसवा. फेसबुकवर "अक्वेंटन्सेस" यादीत टाका आणि पोस्ट करताना ती यादी वगळा. त्यांच्या पोस्ट नको असतील तर अनफॉलो, त्यांना कळत नाही. व्हॉट्सॲप स्टेटसला "माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट" आहे. नातं पण टिकलं आणि गोव्याचे फोटो पण टाकले.

फॅमिली ग्रुपवर काहीही फॉरवर्ड येतं. बोलावं तर वाईटपणा.

बोला. पण ग्रुपवर नको, खासगीत, आणि "काका हे खोटं आहे" असं नको, "काका हे कुठून आलं, मला जरा लिंक मिळेल का" असं. चारदा लिंक मागितली की पाचव्यांदा काका स्वतःच बघतात.

गप्प बसू नका असं मी का म्हणते ते सांगते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या भागात फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काळजीपोटीच पाठवला असणार, "आपल्या मुलांना जपा" म्हणून. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. दोन बाणांची खूण दिसली तर तो मेसेज खूप हातांतून आलाय असं समजा, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, मी पण तो मेसेज पाठवला होता बहुतेक. मग कुणीच काही बोललं नाही.

अनोळखी व्हिडिओ कॉल उचलला, समोर नको त्या अवस्थेतली मुलगी होती, आता एकजण रेकॉर्डिंग घरच्यांना पाठवतो म्हणतोय. काय करू?

पहिलं, पैसे देऊ नका. एकदा दिले की थांबत नाही, वाढतं. दुसरं, काही डिलीट करू नका, नंबर, चॅट, पैसे गेले असतील तर व्यवहार, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक. तिसरं, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. पैसे गेले असतील तर तासाभरात फोन केलेला बरा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. चौथं, घरातल्या एका तरी माणसाला सांगा, आत्ता, आजच. तो तुमच्या लाजेवरच धंदा करतोय, घरच्यांना कळलं की त्याच्याकडं विकायला काही उरत नाही.

मग कदाचित "सीबीआय ऑफिसर"चा फोन येईल, की त्या मुलीनं जीव दिला, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवा.

खरे खासगी फोटो कुणाच्या हाती लागले असतील तर स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत सोय आहे. फोटो तुमच्या फोनवरच राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो त्यांच्याकडं पसरण्याआधी अडवतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी तशीच टेक इट डाउन. पोरांनो, तुम्ही हे वाचत असाल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लक्षात ठेवा, आणि आईला सांगा, ती आधी ओरडेल आणि मग तुमच्या बाजूनं उभी राहील.

मुलीला इन्स्टा कधी द्यावं?

कंपनीचा नियम तेराचा आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची खाती बंद केली. आपल्याकडं इन्स्टाने फेब्रुवारी २०२५ पासून टीन अकाउंट आणलंय, ते आपोआप प्रायव्हेट राहतं आणि अनोळखी लोक मेसेज करू शकत नाहीत, पण वय खोटं टाकलं तर त्याचा काय उपयोग? आणि बऱ्याच घरात ते वय आईबापानंच टाकून दिलेलं असतं.

पासवर्ड मागण्यापेक्षा मैत्रिणींबद्दल विचारा, गेममधल्या सुद्धा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा "बेस्ट फ्रेंड" त्याला गेममध्ये भेटलेला, सातवीतला म्हणे. आवाज कधी ऐकला नव्हता कारण त्याचा माइक नेहमी बिघडलेला. मुलाला हे विचित्र वाटलं नव्हतं. घरात कुणी विचारलंच नव्हतं.

लाइक कमी आले की दिवस खराब जातो.

माझाही जातो. लाइकचा आकडा लपवायची सोय इन्स्टावर आहे, मी ती वापरते. हे रोजचंच झालं आणि झोप, जेवण बिघडायला लागलं तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आत्ता पाच मिनिटं आहेत, कुठली सेटिंग्ज बदलू?

व्हॉट्सॲप: टू स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथं माय कॉन्टॅक्ट्स करा, अनोळखी कॉल सायलेंट करा. फेसबुक: प्रोफाइल लॉक. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका, एपीके म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, पत्रिका पीडीएफ नाहीतर फोटो असते. ओटीपी कुणालाही नाही, जावयाला सुद्धा नाही.

मॅडम, तुम्हाला फेसबुकवर रिक्वेस्ट पाठवू का?

पाठवा, पण सोबत दोन ओळी लिहा की तुम्ही कोण आणि कुठल्या बुधवारी आला होता. नुसती आली तर पडून राहील, मागच्या वर्षीच्या चाळीस तशाच पडल्यात, त्यात माझा सख्खा चुलतभाऊ पण असल्याचं त्याने परवा लग्नात येऊन सांगितलं.